कॅन्सरची खूणगाठ

मेंदूतल्या ग्लिओब्लास्टोमा या गाठीचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. गाठीचं नाव आणि ग्रेड यांच्या खाली त्यात बहुतेक वेळा एक ओळ असते: 'एमजीएमटी प्रमोटर मेथिलेशन: आढळले' किंवा 'आढळले नाही'. नातेवाईक ती ओळ वाचून पुढे जातात, कारण तिच्यातून त्यांना काही उमगत नाही. कॅन्सरतज्ज्ञाची नजर मात्र तिथे थांबते. टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल या रुग्णाला कितपत लागू पडतील, याचा अंदाज तिथून येतो.

हा अंदाज हवेतला नाही. २००५ साली स्वित्झर्लंडमधल्या मोनिका हेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०६ रुग्णांच्या गाठी तपासल्या. ज्यांच्या गाठीत हे मेथिलेशन होतं, त्यांच्यापैकी रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड मिळालेले रुग्ण मध्यकानुसार २१.७ महिने जगले, नुसतं रेडिएशन मिळालेले १५.३ महिने. मेथिलेशन नसलेल्यांत हेच आकडे १२.७ आणि ११.८ असे होते, म्हणजे औषधाने जेमतेम महिन्याचा फरक पडला. गाठ त्याच नावाची, सूक्ष्मदर्शकाखाली तशीच दिसणारी, औषधही तेच. फरक होता तो एका जनुकावर बसलेल्या रासायनिक खुणेचा.

ही खूण म्हणजे काय ते आधी पाहू. डीएनएची चार अक्षरं शाळेत शिकलेली असतात: ए, टी, जी, सी. यातल्या सी या अक्षराला, म्हणजे सायटोसिनला, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा छोटासा गट चिकटतो. हा मेथिल गट आणि चिकटण्याची क्रिया म्हणजे मेथिलेशन. आपल्या पेशींत ते मुख्यतः सीच्या लगेच पुढे जी असेल तिथे होतं. अशा सीजी जोड्या माणसाच्या जिनोममध्ये सुमारे २ कोटी ८० लाख आहेत आणि त्यांतल्या ७० ते ८० टक्के जोड्यांवर ही खूण असते. अक्षर बदलत नाही, जनुकाचा मजकूर होता तसाच राहतो. बदलतं ते एवढंच, की तो मजकूर वाचला जाणार की नाही.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात गच्च बांधलेले बस्ते असतात. आतला कागद फाटलेला नसतो, पण गाठ सोडल्याशिवाय कोणी तो वाचत नाही. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत दप्तर तेच असतं, बांधलेले बस्ते मात्र वेगळे. जनुकाच्या सुरुवातीच्या भागाला प्रमोटर म्हणतात. तिथे मेथिल गट दाटीने बसले की ते जनुक सहसा गप्प होतं.

सायटोसिनचं हे वेगळं रूप वासराच्या थायमस ग्रंथीत रॉलिन हॉचकिस यांना १९४८ साली दिसलं होतं. त्याचं काम काय असावं याचा नेमका तर्क मांडायला १९७५ उजाडलं. अमेरिकेत आर्थर रिग्ज यांनी आणि इंग्लंडमध्ये रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सुचवली: पेशी दुभंगताना या खुणांचीही नक्कल होत असणार, आणि आपण कोण आहोत हे पेशी त्यावरूनच लक्षात ठेवत असणार. पुढे नक्कल करणारं विकर सापडलं, डीएनएमटी१. डीएनएच्या नव्या धाग्यावर ते जुन्या धाग्याबरहुकूम मेथिल बसवत जातं. म्हणूनच यकृताच्या पेशीतून यकृताचीच पेशी निपजते.

कॅन्सरमध्ये ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी बिघडते. १९८३ साली अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी दाखवलं, की मोठ्या आतड्याच्या गाठीतल्या काही जनुकांवर मेथिलेशन शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा कमी आहे. पुढच्या १०-१२ वर्षांत नेमकं उलटंही दिसलं. जिनोमभर खुणा विरळ होत असताना, पेशींच्या बेलगाम वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांच्या प्रमोटरवर त्या दाटीने बसत होत्या. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात आरबी, मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये व्हीएचएल, आणि कितीतरी कॅन्सरमध्ये पी१६ ही जनुकं कुठलंही म्युटेशन नसताना नुसत्या मेथिलेशनने गप्प झालेली आढळली. एमजीएमटीही त्यांतलंच. या जनुकापासून बनणारं प्रथिन डीएनएची दुरुस्ती करतं. टेमोझोलोमाइड गाठीच्या डीएनएतल्या जीवर मेथिल चिकटवून त्याची नासाडी करतं, आणि एमजीएमटी तो मेथिल उपटून काढतं. गाठीनेच आपलं हे जनुक बंद करून ठेवलं असेल तर दुरुस्तीला कोणी उरत नाही आणि औषधाचं फावतं.

पण सीवर मेथिल आहे की नाही हे ओळखायचं कसं? जनुकशास्त्राच्या नेहमीच्या तंत्रांना दोन्ही सी सारखेच दिसतात, आणि डीएनएच्या प्रती काढायला घेतल्या तर मेथिलची खूण पुसली जाते. हे कोडं सोडवायला कामी आलं ते सोडियम बायसल्फाइट. घरी स्क्वॉश टिकवायला घालतात त्या केएमएस पावडरीच्या कुळातलंच हे रसायन. सिडनीमधल्या मारियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली त्यावर आधारलेली पद्धत प्रसिद्ध केली. डीएनए तापवून त्याचे दोन धागे सुटे करायचे आणि बायसल्फाइटच्या आम्लधर्मी द्रावणात काही तास ठेवायचे. उघड्या सीचं रूपांतर यूमध्ये होतं आणि पुढच्या वाचनात तो टी म्हणून दिसतो. मेथिल असलेला सी जागचा हलत नाही. म्हणजे मूळ ओळ ए-सी-जी-टी-सी-ए अशी असेल आणि तिच्या पहिल्या सीवर खूण असेल, तर प्रक्रियेनंतर ती ए-सी-जी-टी-टी-ए अशी वाचली जाईल. खूण नसेल तर ए-टी-जी-टी-टी-ए. न दिसणारी खूण अक्षरांच्या फरकात उतरली की पुढचं काम कोणतीही चांगली लॅब करू शकते. या पद्धतीत खोट एकच, पण मोठी आहे. रसायन इतकं कडक असतं की डीएनएचे तुकडे पडतात आणि बराचसा वाया जातो. गाठीचा ऐवज भरपूर असेल तर हे चालून जातं. रक्तातून मिळालेला डीएनए मुळातच चिमूटभर असतो, तिथे ही नासाडी जड जाते.

कॅन्सरचा मार्कर म्हणून मेथिलेशनची एवढी चर्चा का, याचं पहिलं कारण टिकाऊपणा. आरएनए पटकन विरतो. मेथिल गट डीएनएला पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेला असतो आणि बायोप्सीच्या पॅराफिन ब्लॉकमध्येही वर्षानुवर्षं राहतो. 'स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या' असं टाटा रुग्णालयात सांगतात तेव्हा रुग्ण पिशवीत जो मेणाचा चौकोनी तुकडा घेऊन येतो, त्यातही ही खूण शाबूत सापडते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्युटेशन विखुरलेली असतात. पी५३ हे एकच जनुक शेकडो निरनिराळ्या जागी बिघडू शकतं, म्हणजे शोधायला सगळीकडे जावं लागतं. मेथिलेशन मात्र एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये बहुतेक रुग्णांत ठरलेल्या जागीच सापडतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये जीएसटीपी१ या जनुकाचा प्रमोटर ९० टक्क्यांहून अधिक गाठींत मेथिलेटेड असतो. शिवाय बदल लवकर होतो, कधीकधी गाठ धरण्याच्याही आधी. आणि खुणांच्या नक्षीवरून पेशी मूळ कुठली हेही कळतं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली ३९ प्रकारच्या निरोगी पेशींचा मेथिलेशन नकाशा प्रसिद्ध केला, त्यात ही नक्षी पेशीगणिक किती ठाम असते हे दिसतं.

इतके गुण असूनही मार्कर म्हणून सुचवलेल्या शेकडो जनुकांपैकी रुग्णाच्या फाइलपर्यंत पोचलेली बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. मला यातली मेख अशी दिसते: डॉक्टर त्या खुणेला कोणता प्रश्न विचारतात, यावर तिची किंमत ठरते.

प्रश्न नेमका असला की उत्तर चोख येतं. मोठ्या आतड्याच्या काही गाठींत एमएलएच१ हे प्रथिन नसतं. त्याची दोन कारणं संभवतात. एक, लिंच सिंड्रोम, म्हणजे आईवडिलांकडून आलेला दोष. तो असेल तर भावंडं आणि मुलं, सगळ्यांचीच तपासणी करावी लागते. दुसरं, वयपरत्वे त्या गाठीपुरतं झालेलं मेथिलेशन. गाठीतल्या एमएलएच१च्या प्रमोटरवर मेथिलेशन आढळलं, तर दोष आनुवंशिक नसण्याचीच शक्यता फार मोठी. एका चाचणीने आख्ख्या कुटुंबाच्या डोक्यावरची टांगती तलवार निघते. या चाचणीची बातमी कधी होत नाही, पण मेथिलेशनचा इतका सरळ उपयोग दुसरा क्वचितच असेल.

मेंदूच्या गाठींचं तसंच. त्यांचे प्रकार इतके आणि दिसायला इतके सारखे, की निष्णात पॅथॉलॉजिस्टांतही मतभेद होतात. हायडेलबर्गमधल्या संशोधकांनी सुमारे २,८०० गाठींची मेथिलेशन नक्षी संगणकाला शिकवली आणि मेंदू व मज्जारज्जूच्या गाठींचे ८२ वर्ग पाडले. २०१८ साली हे काम प्रसिद्ध झालं. नव्या रुग्णांवर ते वापरून पाहिलं तेव्हा सुमारे १२ टक्के जणांचं आधीचं निदान बदलावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात ही तपासणी आता निदानाचा भाग आहे. नेदरलँड्समधल्या गटाने तर यापुढची मजल मारली. नॅनोपोअर हे यंत्र बायसल्फाइटशिवाय थेट मेथिल ओळखतं. ते वापरून त्यांनी रुग्ण ऑपरेशन टेबलावर असतानाच गाठीचा प्रकार सांगायचा प्रयत्न केला. २५ शस्त्रक्रियांपैकी १८ वेळा ९० मिनिटांच्या आत बरोबर उत्तर मिळालं. गाठ किती खोलवर काढायची हे सर्जनला टाके घालण्याआधी कळणं ही लहान गोष्ट नाही.

एमजीएमटीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तरुण, धडधाकट रुग्णाला टेमोझोलोमाइड बहुधा दिलंच जातं, खूण असो वा नसो, कारण हाताशी त्याहून बरं काही नाही. रिपोर्टची ती ओळ निर्णय बदलते ती वयस्कर रुग्णात. रेडिएशन आणि केमो दोन्ही झेपणार नसेल, तर खूण असलेल्याला नुसत्या कॅप्सूल आणि खूण नसलेल्याला नुसतं रेडिएशन, असं युरोपातल्या चाचण्यांवरून ठरवता येतं. गडचिरोलीतल्या सत्तरीच्या आजोबांना रेडिएशनसाठी नागपुरात खोली घेऊन राहायचं की घरी राहून कॅप्सूल घ्यायच्या, हा प्रश्न त्यांच्या मुलाला विचारून पाहा.

आता रक्ताकडे वळू. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. ही गोष्ट फ्रान्समधल्या मांदेल आणि मेते यांनी नोंदवली तीही १९४८ सालीच. गाठीतल्या मरणाऱ्या पेशींचेही तुकडे त्यात असणार, मग रक्त तपासून कॅन्सर का हुडकू नये? कल्पना मोहात पाडणारी आहे. अडचण आकड्यांत आहे. १० मिलिलिटर रक्तातून ४-५ मिलिलिटर प्लाझ्मा निघतो आणि त्यात जिनोमच्या जेमतेम काही हजार प्रती असतात, बहुतेक रक्तपेशींच्याच. लहान गाठीचा वाटा दहा हजारांत एक असेल, तर आपण शोधतो त्या जागेची एकही प्रत नळीत आलेली नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून एका जागेवर विसंबून चालत नाही, हजारो जागा एकदम पाहाव्या लागतात.

एकाच जनुकावर विसंबलेल्या चाचणीचं काय होतं ते सेप्टिन ९ने दाखवलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीच्या या रक्तचाचणीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. पण लक्षणं नसलेल्या लोकांच्या मोठ्या पाहणीत तिने निम्म्याच्या आसपासच कॅन्सर पकडले होते. २०२१ साली मेडिकेअर या सरकारी विम्याने तिचा खर्च द्यायला नकार दिला. शौचाचा नमुना तपासणारी कोलोगार्ड ही चाचणी जास्त चालली. तीत मेथिलेशनसोबत म्युटेशन आणि लपलेलं रक्तही पाहतात. सुमारे १० हजार लोकांच्या अभ्यासात तिने ९२ टक्के कॅन्सर ओळखले, नुसतं रक्त शोधणाऱ्या स्वस्त चाचणीने ७४ टक्के. मात्र निरोगी माणसाला विनाकारण घाबरवण्यातही तीच पुढे होती.

सगळ्यात मोठा गाजावाजा झाला तो ग्रेल या कंपनीच्या गॅलेरी चाचणीचा. एका रक्तनमुन्यातून ५०हून अधिक प्रकारच्या कॅन्सरचा सुगावा, आणि तो कुठल्या अवयवात असावा याचाही अंदाज. अमेरिकेत किंमत ९४९ डॉलर, म्हणजे ८० हजार रुपयांच्या घरात. २०२१मधले तिचे आकडे नीट वाचण्यासारखे आहेत. चौथ्या टप्प्यातले ९० टक्के कॅन्सर तिने पकडले, तिसऱ्यातले ७७ टक्के, दुसऱ्यातले ४० टक्के, आणि पहिल्या टप्प्यातले १७ टक्के. ज्या टप्प्यात गाठ काढून माणूस बरा होऊ शकतो, नेमकी तिथेच चाचणी आंधळी. दोष मेथिलेशनचा नाही. लहान गाठ रक्तात डीएनए सोडतच नाही फारसा.

यावर कंपनीचं म्हणणं असं, की चाचणी खोटा इशारा फार कमी वेळा देते, हजारात पाच. ऐकायला उत्तम. आता हिशेब करून पाहू. समजा १० हजार लोक तपासले आणि त्यांतल्या १०० जणांना कॅन्सर आहे. चाचणी त्यांतले निम्मे, म्हणजे ५० पकडेल. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांत हजारी पाचच्या दराने सुमारे ५० खोटे इशारे मिळतील. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या दोघांपैकी एकाला काहीच झालेलं नसेल. प्रत्यक्षात चित्र याहून थोडं वाईट निघालं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाथफाइंडर अभ्यासात ६,६२१ लोकांपैकी ९२ जणांना इशारा मिळाला आणि ३५ जणांनाच कॅन्सर निघाला. उरलेल्या ५७ जणांना कॅन्सर नव्हता. तो नाही याची खात्री करायला स्कॅन आणि बाकीच्या तपासण्या, त्यांचा खर्च आणि झोप उडालेल्या रात्री. 'तुमच्या शरीरात कुठेतरी कॅन्सर असू शकतो' हे वाक्य निरोगी माणसाला ऐकवण्याआधी शंभरदा विचार करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आपल्याकडे या खुणेचा उपयोग कुठे? उत्तराचा अर्धा भाग मराठवाड्यातच तयार झालेला आहे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांना घेऊन एक चाचणी उभी केली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी नसलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभरची धोरणं त्याने बदलली.

पण तपासलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के एचपीव्ही पॉझिटिव्ह निघाल्या, आणि बहुतेकींचा संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातो. सगळ्यांनाच कोल्पोस्कोपीला, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून पाहण्याच्या तपासणीला, तालुक्याच्या गावी बोलावायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं पडतं, आणि कित्येकजणी येतच नाहीत. इथे नेमका प्रश्न उभा राहतो: यांतल्या कुणाचा संसर्ग कॅन्सरच्या वाटेला लागला आहे? ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी त्यासाठी एफएएम१९ए४ आणि एमआयआर१२४-२ या दोन जनुकांचं मेथिलेशन शोधून काढलं. २५हून अधिक देशांतल्या ५१९ गर्भाशयमुख कॅन्सरच्या नमुन्यांपैकी ९८.३ टक्क्यांत ही खूण मिळाली. कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेत ती इतकी हमखास मिळत नाही, म्हणून ती नसलेल्या बाईलाही पुन्हा तपासावंच लागतं. तरीही आज कुणाला आधी बोलवायचं, हे तिच्यावरून ठरू शकतं. स्त्रीने घरी स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही अशा चाचण्या करून पाहिल्या गेल्या आहेत. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू घडवणाऱ्या कॅन्सरसाठी ही चाचणी आपल्या भाषेत, आपल्या किमतीत आणि आपल्याच गावांत तपासून घ्यायला हवी. माझ्या मते सरकारी संशोधनाचा पैसा आधी इथे जावा, पन्नास कॅन्सरच्या एका चाचणीकडे नंतर.

तोवर एक करा. एखाद्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये 'रक्तातून सर्व कॅन्सर' अशी तपासणी कुणी सुचवली, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: पहिल्या टप्प्यातले किती कॅन्सर ही पकडते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढे नेमकं काय करायचं. घरातल्या तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रीची गर्भाशयमुखाची तपासणी अजून झाली नसेल, तर आधी ती करून घ्या. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी आरोग्य केंद्रात ती विनामूल्य आहे.